भरतीची तयारी: किती जोरात पळायचं?

भाऊ, भरतीत १६०० मीटर आहे म्हणून रोज जीव तोडून १६०० मीटरच पळू नकोस. दम वाढतो तो बहुतेक सावकाश पळण्यानं. सावकाश म्हणजे किती, ते नाडीवरून काढ.

सकाळी अंथरुणातच मिनिटभर नाडी मोज. समज ६४ भरली, वय २०. २२० वजा वय, कमाल २००. त्यातून ६४ गेले, उरले १३६. याचे ६० ते ७० टक्के काढून त्यात ६४ मिळव: १४६ ते १५९. नुसते २०० चे ६० टक्के धरलेस तर १२० येतात, तेवढी नाडी भरभर चालण्यानंही होते. पण २२० चं सूत्र सरासरीचं, १०-१२ ठोके सहज चुकतं. म्हणून बोलूनही पाहा: पूर्ण वाक्य जमलं पाहिजे. दोन शब्दांतच धाप लागली तर वेग कमी कर.

थांबल्याबरोबर १० सेकंद मोजून ६ नं गुण. मिनिटभर मोजत बसलास तर नाडी उतरते. एप्रिल-मेच्या उन्हात त्याच वेगाला नाडी जास्त चढते, तेव्हा वेळेचा हट्ट सोड, नाडी धर. बाबांना सोबत नेलंस तर बीपीची गोळी कोणती ते विचार. काही गोळ्यांनी नाडी फारशी चढत नाही, तिथं बोलण्याचीच खूण चालते.