गेम सुरू केला की दहा-पंधरा मिनिटांत पीसी बंद पडतो, विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसतं. पॉवर सप्लाय बदलू का?

लगेच नको. ४१ चा अर्थ एवढाच, की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं. कारण त्यात नसतं. (दुकानदार मात्र तेवढ्यावर नवा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, गळ्यात मारतात.)

आधी बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन रॅमचं एक्सएमपी, म्हणजे रॅम जादा वेगाने चालवणारी सेटिंग, बंद करा आणि तोच गेम खेळून बघा. बंद पडणं थांबलं, तर रॅमला तो वेग झेपत नाहीये. नाही थांबलं, तर ग्राफिक्स कार्डाच्या दोन्ही पॉवर सॉकेटांना एकाच केबलचे दोन फाटे लावलेत का पाहा. पॉवर सप्लायपासून दोन वेगळ्या केबली ओढा. तापमानावरही नजर असू द्या.

प्रोसेसर इंटेलचा १३व्या-१४व्या पिढीचा आय७ किंवा आय९ आहे का? मग गोष्ट वेगळी. त्यांत जादा व्होल्टेजचा दोष निघाला होता. शेडर (ग्राफिक्सचे छोटे प्रोग्रॅम) कंपाइल होताना ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ म्हणत गेम उडतो, ही त्याची ओळखीची खूण. कार्डात मेमरी भरपूर असते तरी! २०२४ नंतरचा बायोस टाका. पण चिप आधीच खराब झाली असेल, तर अपडेटने ती सुधारत नाही. इंटेलने या पिढ्यांच्या बॉक्सवाल्या (सुट्या, खोक्यात विकल्या जाणाऱ्या) प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आहे, बिल शोधून ठेवा.