दोन पातळ भिंगं जोडली तर संयुक्त नाभीय अंतर कसं काढायचं?

तुम्ही 20 सेंमीचं बहिर्वक्र आणि 30 सेंमीचं अंतर्वक्र भिंग दिलंय, आधी चिकटवून, मग मध्ये 5 सेंमी अंतर ठेवून. चिकटवल्यावर उत्तर 60 सेंमी. पण तुम्ही 1/20 वजा 1/30 मांडून लसावि काढत बसला असणार, आणि तिथेच माझं डोकं फिरतं.

माझं चष्म्याचं दुकान आहे. आम्ही नाभीय अंतरात विचारच करत नाही, शक्तीत करतो. शक्ती म्हणजे 100 भागिले सेंमीतलं नाभीय अंतर, तिचं एकक डायऑप्टर; बहिर्वक्राची अधिक, अंतर्वक्राची उणे. चष्म्याचा नंबर म्हणजे हीच. पहिलं भिंग अधिक 5 डायऑप्टर, दुसरं उणे 3.33. बेरीज अधिक 1.67. सेंटिमीटर हवेच असतील तर 100 ला त्याने भागा. झालं.

आमचे दाजी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतात. त्यांच्या मते ही चष्मेवाल्यांची पळवाट. एका दिवाळीत ते दुकानात आले तेव्हा लाइट गेलेली, लेन्सोमीटर (भिंगाचा नंबर मोजायचं यंत्र) बंद, आणि नंबरचा कागद घरी राहिलेला. म्हटलं, "दाजी, चष्मा द्या इकडे." खिडकीचे उभे-आडवे गज जिथे छेदतात तिथे नजर ठेवून भिंग डावी-उजवीकडे हलवलं. गज भिंगासोबतच सरकत होता, म्हणजे नंबर उणे. ट्रायल बॉक्समधलं (डोळे तपासायच्या सुट्या भिंगांची पेटी) अधिक 2 चं भिंग त्याला लावलं, तरी थोडा सोबत येतच होता. 2.75 लावलं तर उलटा पळाला. 2.50 ला जागचा हलेना. दोन्ही मिळून शून्य, म्हणजे दाजींचा नंबर उणे 2.50. (सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेतला जादा नंबर, नव्हता, म्हणून एवढं सरळ.) ताईने कागदाचा फोटो पाठवला, त्यावरही तेच. तरी दाजी म्हणतात, "हा अंदाज झाला रे, गणित नव्हे."

अंदाज कसला? पूर्वी ट्रायलची भिंगं इंचांतल्या नाभीय अंतरानेच ओळखली जायची आणि प्रत्येक वेळी अपूर्णांकांशी झटापट. 1872 साली मोनोयेर या फ्रेंच नेत्रतज्ज्ञाने डायऑप्टर सुचवलं आणि ती कटकट गेली. पोरांना अजून अपूर्णांकांतच का घोळवायचं, याचं उत्तर दाजींनी आजवर दिलेलं नाही.

आता तुमचे 5 सेंमी. दोन शक्तींच्या बेरजेतून, मीटरमधलं अंतर गुणिले दोन्ही शक्ती, एवढं वजा करायचं. इथे एक शक्ती उणे, त्यामुळे वजाचं अधिक होतं: 1.67 अधिक 0.83, म्हणजे 2.5 डायऑप्टर, म्हणजे 40 सेंमी. सिद्धता पुस्तकात आहे, मी उतरवून काढणार नाही.

हां, मध्ये अंतर आलं की निव्वळ बेरीज आमच्याकडेही चालत नाही. उणे 10 चा चष्मा डोळ्यापासून 12 मिमीवर बसत असेल, तर त्या गिऱ्हाइकाला कॉन्टॅक्ट लेन्स उणे 9 च्या आसपास लागते. आणि मोठ्या अधिक नंबराचं जाड भिंग गजावर धरून मोजायला जाऊ नका, फसाल.

अजून एक. ते 40 सेंमी कुठल्याच भिंगापासून मोजायचे नसतात. समांतर किरण आधी बहिर्वक्रावर पडले तर ते अंतर्वक्राच्या पुढे 30 सेंमीवर मिळतात. जोडी उलटी फिरवली तर बहिर्वक्राच्या पुढे 46.67 वर. नाभीय अंतर दोन्ही वेळा 40 च. हे दाजी वर्गात सांगतात का, ते एकदा त्यांच्या पोरांनाच विचारणार आहे.