चाल मोडू नकोस

चि.,

नाव मुद्दाम लिहीत नाही. हे पत्र तू क्लबातल्या पोरांना दाखवशीलच, आणि मग ती महिनाभर तुला चिडवतील.

रात्री पावणेबाराला आलेला तुझा मेसेज सकाळी चहा घेताना दोनदा वाचला. नाशिकला गंगापूर धरणाच्या पाण्यावर वाराच नाही, इथे शिडाची बोट शिकून काय होणार, शिडाच्या शर्यतींतली नेत्रा कुमनन चेन्नईची म्हणून टोकियो ऑलिंपिकपर्यंत गेली, मी मुंबईला जाऊ का, की बाबा म्हणतात तसं सरळ रोइंगला नाव घालू? एका मेसेजात चार दिशा. रविवारच्या शर्यतीत बोटही तू अशीच हाकलीस.

रागावू नकोस. पहिल्या मार्कपाशी, म्हणजे वळसा घालायच्या त्या तरंगत्या खुणेपाशी, येईपर्यंत तू सगळ्यांच्या पुढे होतीस, मी रेस्क्यू बोटीतून बघत होतो. मग वारा पडला. मार्क राहिला होता शंभर हातांवर. तू बोटीचं नाक मार्ककडे वळवलंस, शिडाचा दोर घट्ट ओढून धरलास आणि वाट बघत बसलीस. बोट उभी. मागची दोन पोरं मार्ककडे पाठ करून उजवीकडे गेली, पाण्यावर वाऱ्याची काळपट सुरकुती दिसत होती तिथे, आणि तुझ्या आधी वळसा घालून आली. त्यांना काही वादळ सापडलं नव्हतं. त्यांची बोट चालत होती, एवढंच.

चाल मोडू नकोस. हे तुला पहिल्या दिवसापासून सांगतोय, पुन्हा सांगतो.

शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडाशी साधारण 45 अंशांचा कोन ठेवून चालते. तू तिला 35 वर रेटत होतीस. चांगल्या वाऱ्यात हे थोडं खपून जातं, मंद वाऱ्यात अजिबात नाही. बोटीखालची ती फळी, डॅगरबोर्ड, तिच्या अंगावरून पाणी वाहत असेल तोवरच बोटीला धरून ठेवते. पाणी वाहायचं थांबलं की ती नुसती फळी. मग बोट आडवी सरकते, सुकाणू मुकं होतं, तू घाबरून टिलर, सुकाणूचा दांडा, हलवतेस, आणि टिलरचा प्रत्येक हिसका म्हणजे ब्रेक. शिवाय चालती बोट आपल्यापुरता थोडा वारा स्वतःच तयार करत असते. उभी राहिली की तोही गेला.

म्हणून अशा वेळी मार्क विसर. नाक वाऱ्यापासून खाली पाड, दोर सैल सोड, शिडाला पोट येऊ दे. पुढे सरक आणि वाऱ्याखालच्या बाजूला बस. बोट किंचित कलली की शीड आपल्याच वजनाने आकार धरतं आणि बोटीचं भिजलेलं अंग कमी होतं. मांजरासारखी हाल. चाल आली की मग इंच इंच वर चढ. लांबचा रस्ता वाटेल. वाटू दे!

आणि हो, शेवटच्या टप्प्यात तू बोट तीनदा डोलवलीस. मी पाहिलं. शर्यतीचा नियम 42 तुला पाठ आहे, मीच करून घेतलाय. टॅक घेताना, म्हणजे नाक वाऱ्यातून पलीकडे वळवताना, अंग टाकून बोट झुकवलेली चालते, पण एरवी डोलवून बोट पुढे ढकलायची नाही. आपल्याकडे शिट्टी मारणारा पंच नसतो. चूक झाली की आपणच दंड म्हणून बोटीच्या दोन गिरक्या घ्यायच्या. तू घेतल्या नाहीस. चाल मोडू नकोस म्हणतो ती ही चाल नव्हे.

आता माझं सांगतो, म्हणजे मी कशावर एवढा अडून बसतो ते कळेल.

1996 साली मी आणि माझा एक मित्र हैदराबादला हुसेनसागरवर एंटरप्राइज घेऊन उतरलो होतो. दोघांची बोट, निळी शिडं, सुकाणू माझ्या हातात. तिथे चहूबाजूंनी शहर, वारा सारखा दिशा बदलतो. एका शर्यतीत तो पडला, अगदी तुझ्यासारखाच, मार्कच्या तोंडाशी. मित्र म्हणाला, खाली पाड, डावीकडे पाणी हललंय. मी म्हणालो, मार्क समोर दिसतोय की. तो पुन्हा म्हणाला. मी ओरडलो. ओरडताना अर्धवट उभा राहिलो, आणि उरलीसुरली चाल त्यात गेली. वीस मिनिटं आम्ही तिथेच होतो. परतीच्या गाडीत तो एक शब्द बोलला नाही, पुढच्या रविवारी पाण्यावर आला नाही, नंतरही नाही. मी कित्येक वर्षं लोकांना सांगत होतो की त्याला मंद वाऱ्याचा धीरच नव्हता. धीर त्याला होता. त्याचा नंबर अजून माझ्याकडे आहे. असो.

मुंबईचं म्हणशील तर जा. तिथे दुपारी खारे वारे ठरल्या वेळी येतात, आणि भरती-ओहोटीची ओढ तिथेच शिकशील, गंगापूर ती शिकवू शकत नाही. काका स्वतः मुंबईला गेले नाहीत म्हणून अडवतात, असं तुझ्या बाबांना वाटत असेल. मी गेलो नाही कारण आई आजारी होती आणि सातपूरची नोकरी पक्की होती. दोन्ही कारणं खरी आहेत. पण मी काही नुसता अडकून पडलो नव्हतो, हेही बाबांना सांग. डिसेंबरात पहाटे गिरणाऱ्याकडच्या द्राक्षबागांतून शेकोट्यांचा धूर निघतो. तो जमिनीलगत कुठे झुकतो आणि वर गेल्यावर कुठे वळतो, हे बघून मी शिडाचा पीळ, म्हणजे खालून वर बदलत जाणारा त्याचा कोन, लावायला शिकलो. पाण्यालगतचा वारा आणि डोलकाठीच्या टोकाचा वारा एक नसतो, हे मला त्या धुराने दाखवलं. इथे वारा नाही असं पुन्हा म्हणू नकोस. इथे वारा कमी आहे.

रोइंगबद्दल माझं भांडण नाही. चांदवडकडच्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये वल्हवून आला, आपल्या जिल्ह्याला त्याचा अभिमान असायलाच हवा. पण वाऱ्याला कंटाळून रोइंगला जाणार असशील तर तिथेही फसशील. दोन वल्ह्यांच्या मधे बोट वाहती ठेवणं, हीच तिथलीही खरी कला. तिथले कोचही तुला चाल मोडू नकोस असंच सांगतील, फक्त माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात.

बारावीनंतर काय करायचं ते मी ठरवणार नाही. मात्र ठरत नाही तोवर पाण्यावर यायचं बंद करू नकोस. सगळं स्वच्छ दिसेल तेव्हाच हलेन, असं म्हणून घरी बसलीस तर रविवारचंच पुन्हा होईल.

तुझ्या बोटीच्या, त्या लेझरच्या, शिडावरचे टेलटेल, वारा दाखवणारे ते धागे, तुटलेत, म्हणूनच तुला वारा कळत नव्हता. ही चूक माझी, मी आधी बघायला हवं होतं. माझ्याकडे जुन्या कॅसेटची फीत आहे, लोकरीपेक्षा हलकी. रविवारी सहाला ये, आपण दोघं चिकटवू. स्वेटर घाल, आणि आईला सांग, डबा दोघांचा.

काका