लॉजिक प्रो (अ‍ॅपलचं गाणी रेकॉर्ड-मिक्स करायचं सॉफ्टवेअर) १०.८ वरून ११ वर जाऊ का? एका अभंगाच्या अल्बमचं काम अर्धवट आहे.

अल्बम संपेपर्यंत थांबा. अपडेट फुकट आहे, कुठे पळून जात नाही, पण ११ मध्ये सेव्ह केलेला प्रोजेक्ट जुन्यात परत उघडेल याची खात्री नसते, आणि नेमकं मिक्सच्या आदल्या दिवशी हे कळतं. माझं तसंच झालं होतं, एका कंपनीचं रिव्हर्ब प्लगइन (आवाजाला घुमारा देणारं जोड-सॉफ्टवेअर) नव्या व्हर्जनमध्ये उघडेचना, पखवाजाचा ट्रॅक एकदम कोरडा ठक्क ऐकू यायला लागला, रात्रभर तेच शोधत बसलो.

जायचंच असेल तर आधी अ‍ॅप्लिकेशन्स फोल्डरमधल्या लॉजिकवर राइट क्लिक करून कॉम्प्रेस करा, म्हणजे जुनं व्हर्जन झिपमध्ये हाताशी राहतं. प्रोजेक्टची कॉपी काढा आणि नव्यात फक्त कॉपीच उघडा. महत्त्वाचे ट्रॅक इफेक्टसकट बाउन्स करून, म्हणजे ऑडिओ फाइल बनवून ठेवा, प्लगइन रुसलं तरी आवाज हातात असतो.

मॅक बघितलात का? ११.० ला किमान मॅकओएस १३.५ लागतं, आणि ज्याच्यासाठी सगळे उड्या मारतायत ते स्टेम स्प्लिटर (तयार गाण्यातून गायन, ड्रम्स वगैरे वेगळे काढणारं) इंटेल मॅकवर चालतच नाही, अ‍ॅपलची एम१ किंवा पुढची चिप हवी. इंटेल असेल तर कशाला घाई करताय!