खोक्यातले जुने अंक

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. लहानपणी जमवलेली साठेक कॉमिक्स इतक्या वर्षांनी खोक्यातून निघाली, त्यांना कुबट वास येतोय, काहींच्या पिना गंजल्यात, आणि आता हुकलेले सगळे अंक मिळवून मालिका पुऱ्या करायच्या असा तुझा बेत आहे. तो बेत महिनाभर बाजूला ठेव. घरात आहे ते आधी वाचव. ते करता करता प्रत्येक अंक एकदा हातातून जाईल, आणि नक्की काय परत हवंय ते तेव्हाच कळेल. आत्ता खरेदीला बसलास तर आठवण राहील बाजूला आणि नुसते आकडे भरत जाशील.

खोकं घरातल्या बाकीच्या पुस्तकांपासून दूर ठेव. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे कर आणि उघड्या हातांनीच काम कर. सुती हातमोजे घालायचा मोह होईल, पण त्यात कागदाची कड बोटांना जाणवत नाही आणि ठिसूळ कोपरा धाग्यात अडकून तुटतो. पुसापुशी अजिबात नको. अशा स्वस्त कागदावरची शाई कोरड्या फडक्यानेही पसरते, ओल्या फडक्याचं तर नावच काढू नकोस.

आता तीन ढीग कर: बुरशी किंवा कसर लागलेले, कोरडे पण मोडके, आणि धडधाकट. बुरशीचा अंक आधी वाळवायचा. सावलीत, किंचित उघडा, उभा. पंखा खोलीत फिरता असावा, अंकाच्या तोंडावर नको. बुरशी ओलसर असताना घासलीस तर ती तंतूंत शिरते आणि डाग कायमचा होतो. वाळून भुकटी झाली की घराबाहेर, नाकातोंडावर एन-95 मास्क लावून, मऊ ब्रशने स्वतःपासून लांब झटकायची. उन्हात टाकशील तर बुरशी वाळेलही, पण मुखपृष्ठाचा लाल आणि पिवळा रंग त्यात उडून जाईल.

कडा कुरतडलेल्या दिसतात, मुखपृष्ठाचा वरचा थर खरवडल्यासारखा झालाय, ते कसरीचं काम. तिला पिष्टमय खळ, डिंक आणि दमटपणा लागतो. असे अंक कोरडे झाले की प्लास्टिकच्या पिशवीत घाल, हवा दाबून काढ, तोंड घट्ट बंद कर आणि उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेव. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही. सगळे चुकतात ते इथे. थंड कागदावर खोलीतल्या हवेची वाफ लगेच जमते आणि दोन आठवड्यांच्या मेहनतीनंतर अंक ओला होतो. डांबराच्या गोळ्या मात्र नकोत. त्यांचा वास कागदात बसला की वर्षानुवर्षं जात नाही, आणि बंद खोलीत ती वाफ माणसालाही चांगली नाही.

वासाबद्दल तू वेगळं विचारलंयस. कुबट वास बुरशीचा आणि ओलीचा. त्यासाठी मोठ्या झाकणाच्या डब्यात तळाशी वाटीभर खाण्याचा सोडा किंवा सक्रिय कोळसा ठेव, वर जाळी, जाळीवर अंक उभे आणि थोडे उघडे. पावडर कागदाला लागता कामा नये. दोन ते चार आठवडे लागतात. पण त्याखाली दुसराही एक वास असतो, किंचित गोडसर, व्हॅनिलासारखा. अंक उघडल्याबरोबर सुट्टीतली दुपार डोळ्यांपुढे येते ती त्याच वासाने. तो कागद कुजण्याचा वास आहे. ही कॉमिक्स छापली गेली लाकडाचा लगदा यंत्राने दळून केलेल्या स्वस्त कागदावर. त्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला ताठ ठेवणारं द्रव्य, राहतं. हवा आणि उजेड लागला की ते पिवळं-तपकिरी पडतं, आणि कागदातलं आम्ल सेल्युलोजचे धागे तोडत जातं. या मोडतोडीतून जी रसायनं उडतात त्यांत व्हॅनिलिन असतं. पिवळेपणा कडेकडून आत सरकतो, कारण हवा आधी कडेला पोचते. हे थांबवता येत नाही, मंदावता येतं: साधारण 18 ते 22 अंश तापमान, 40 ते 50 टक्के आर्द्रता, आणि अंधार. आर्द्रता 65 टक्क्यांवर टिकून राहिली की बुरशी परत आलीच म्हणून समज. छोटा आर्द्रतामापक खोक्याजवळ ठेव, अंदाजावर राहू नकोस.

कागद किती ठिसूळ झालाय हे बघायला कोपरा दुमडायचा नाही. पुष्कळ जण तसं करतात आणि कोपरा हातात येतो. अंक पांढऱ्या कागदावर ठेवून सावकाश उघड. खाली तपकिरी चुरा पडला तर तो अंक आता वाचायचा नाही. एकदा स्कॅन करून ठेव, 300 डीपीआय (इंचामागे ठिपके) वाचायला पुरतं, जपून ठेवायचं तर 600. कणा, म्हणजे अंकाची दुमडलेली, पिनांची कड, काचेवर दाबून सपाट करू नकोस. असा अंक अर्धवट उघडून वरून कॅमेऱ्याने टिपलेला बरा.

आता पिना. गंज कागदात उतरतो आणि पिनेभोवती कागद कमजोर होतो. मग पान उलटताना मधली जोडपानं सुटतात. म्हणून पिना उपटायच्या का? नाही. वाकलेलं टोक त्या कमजोर जागेतूनच ओढलं जातं आणि भोकाची चीर होते. गंजलेल्या पिनेला कोरडं ठेवलं तर गंज वाढत नाही, तेवढं बस. चिकटपट्टीचंही तसंच. तिचा डिंक जुना होऊन पिवळा पडतो, कागदात झिरपतो, आणि पट्टी सोलली की छपाईचा थर तिच्याबरोबर निघतो. आहे तशी राहू दे, वर नवी लावू नकोस. जाणकार संवर्धक फाटलेलं पान गव्हाच्या खळीने आणि जपानी टिश्यू कागदाने जोडतात. घरी शिकायचंच असेल तर कुणाला नको असलेल्या अंकावर हात बसव.

यादी करताना पानं मोज. मुखपृष्ठ सोडून 32 पानांचा अंक म्हणजे मधोमध दुमडून पिनेने धरलेले आठ कागद. त्यामुळे प्रत्येक पानाचा जोडीदार अंकाच्या दुसऱ्या अर्ध्यात असतो, आणि कागदाच्या एकाच बाजूला छापलेल्या दोन पानांच्या आकड्यांची बेरीज 33 येते. सातवं-आठवं पान फाटून गेलं असेल तर पंचविसावं-सव्विसावं पान सुटून लोंबत असणार. म्हणजे सुटं पान दिसलं की दुसरीकडे काय गेलंय ते लगेच शोधता येतं.

मुखपृष्ठावरचा महिना हा अंक आला तो महिना नव्हे. अमेरिकी प्रकाशक अंक जुना वाटू नये म्हणून दोन-तीन महिने पुढची तारीख छापत. खरी ओळख पटते ती पहिल्या पानाच्या तळाशी किंवा मुखपृष्ठाच्या आत असलेल्या बारीक मजकुरातून: प्रकाशक, अंक क्रमांक, आणि पुनर्मुद्रण असेल तर बहुधा त्याची नोंदही तिथेच. हे यादीत उतरवून इंटरनेटवरच्या ग्रँड कॉमिक्स डेटाबेस या कॉमिक्सच्या सूचीशी ताडून बघ. स्वयंसेवक 1994 पासून तो भरताहेत, आणि मुखपृष्ठांची चित्रं असल्यामुळे नाव विसरलेला अंकही नुसत्या चित्रावरून सापडतो.

कापलेली कूपनं, भरलेली कोडी, पेनने रंगवलेली टोपी, पहिल्या पानावर वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेलं नाव, हे सगळं संग्राहकाच्या हिशेबी दोष. याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण 1974 चं. मार्व्हल ही अमेरिकी प्रकाशन संस्था तेव्हा वाचकांच्या पत्रांच्या पानावर तिकिटासारखा छोटा 'व्हॅल्यू स्टॅम्प' छापत असे, पोरांनी कापून जमवावा म्हणूनच. 'द इन्क्रेडिबल हल्क'च्या 181 व्या अंकात वोल्व्हरिन या पुढे गाजलेल्या नायकाची पहिली पूर्ण कथा आली, त्यातही तो होता, आणि सांगितल्याप्रमाणे पोरांनी तो कापला. आज त्या अंकाची प्रत घेणारा आधी ते पान उघडतो, आणि चौकोनी खिडकी दिसली की भाव कोसळतो. तुझ्या अंकांवरच्या खुणा खोडून काढायला बसू नकोस. बाजारात त्यांनी किंमत कमी होईल, पण तू हे विकायला काढलेलं नाहीस, आणि तुझं नाव असलेली प्रत दुसरी मिळणार नाही.

साठवणीत आकार महत्त्वाचा. अलीकडच्या अमेरिकी मापाच्या अंकाला 6⅞ इंच रुंदीची पिशवी लागते, साठ-सत्तरच्या दशकातल्याला 7⅛. उंची दोन्हीला साडेदहा इंच. मासिकाच्या मापाचे अंक वेगळे. तुझे अंक आधी पट्टीने मोज. तंग पिशवीत कोपरे दुमडतात, सैल पिशवीत अंक घसरत राहतो. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन चालेल, पण पाच-सात वर्षांनी बदलावी लागते. तुला खरोखर जपायचे असे पाच-दहा अंक असतील तर त्यांना पॉलिएस्टरची, म्हणजे मायलारची, घे. पीव्हीसी प्लास्टिकची नको. त्यातून बाहेर पडणारी रसायनं शाईला आणि कागदाला दोन्हींना खातात. मागचा पुठ्ठा आम्लरहित हवा. नेहमीच्या पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला कॅल्शियम कार्बोनेटचा गुळगुळीत थर असतो, ती बाजू अंकाकडे.

पिशवीत भरताना अंक आणि पुठ्ठा एकत्र, कडा जुळवून, एकदमच आत सरकव. सर्वाधिक नुकसान मात्र बाहेर काढताना होतं. पिशवीची झडप बंद करायला लावलेली चिकटपट्टी उघडी लोंबत असते, अंक वर येताना तिला लागतो आणि मुखपृष्ठाचा रंग पट्टीवर जातो. म्हणून पट्टी लावूच नकोस, झडप पुठ्ठ्यामागे नुसती खोचून ठेव.

अंक खोक्यात उभे. लांब खोकं घेऊ नकोस. भरल्यावर वीस किलोच्या आसपास जातं आणि उचलताना तळ सुटतो. छोट्या खोक्यात पुठ्ठ्यासह शंभर-सव्वाशे अंक मावतात, म्हणजे तुझ्या साठांनी ते निम्मं भरेल, आणि उरलेल्या जागेत अंक तिरके झुकून कणा कायमचा वाकेल. रिकाम्या जागेत आम्लरहित पुठ्ठ्याची घडी घाल. हात सहज आत जाईल इतपत ढिलाई ठेव, जास्त नको. खोकं जमिनीपासून हातभर नाही तरी दहा सेंटिमीटर वर, बाहेरच्या भिंतीला न टेकवता. छपराखालचा माळा आणि तळघर दोन्ही वर्ज्य.

आता खरेदीचं. डेटाबेस न उघडता, आठवणीतून एक यादी लिही: कुठला प्रसंग, कुठलं चित्र, कुठलं मुखपृष्ठ. वीस-पंचवीस नावांपुढे ती जाणार नाही. तेवढेच अंक शोध. मालिका पुरी करण्याच्या नादात जे अंक तू कधी वाचलेच नव्हतेस तेही येतात, आणि दोन वर्षांत खोकी वाढतात पण उघडली जात नाहीत. मार्व्हलचा 1991 चा 'एक्स-मेन' क्रमांक 1 आठव. वेगवेगळी पाच मुखपृष्ठं काढली, ऐंशी लाखांहून जास्त प्रती खपल्या, आणि पुढे भाव येईल म्हणून असंख्य लोकांनी त्या न वाचता जपल्या. सगळ्यांनीच जपल्यामुळे भाव आलाच नाही. उलट सुपरमॅन पहिल्यांदा आला त्या 1938 च्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स' क्रमांक 1 च्या शंभराच्या आसपासच प्रती उरल्याचा अंदाज आहे, कारण बाकीच्या वाचून, फाडून, रद्दीत गेल्या.

मूळ अंक घ्यावा की जुने अंक एकत्र छापलेलं नवं संकलन, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण पडेलच. गोष्टच वाचायची असेल तर संकलन उत्तम. मात्र ते वाचून 'हे तसं वाटत नाही' असं झालं तर तुझी आठवण खोटी नाही. जुने रंग निवडले जायचे शाई पिणाऱ्या मळकट कागदासाठी. तेच रंग पांढऱ्या चकचकीत कागदावर भडक दिसतात. ठिपके, जरासा सरकलेला निळा रंग, हे सगळं साफ केलेलं असतं. शिवाय जाहिराती आणि वाचकांची पत्रं बहुतेक संकलनांत नसतात, आणि लहानपणी ती पानंही कथेइतकीच चवीने वाचलेली असतात. ते हवं असेल तर मूळ अंकच घे, पण मधल्या दर्जाचा: पूर्ण, पानं घट्ट, कणा वापरलेला. 2000 पासून सीजीसीसारख्या संस्था अंकाला 10 पैकी गुण देऊन प्लास्टिकच्या कवचात बंद करतात. गुंतवणुकीला ते ठीक, तुझ्या कामाचं नाही. ते उघडून वाचलं की गुण गेले.

दुरून विकत घेताना चार फोटो माग: कणा जवळून, मधलं जोडपान पिनांसह, मागचं मुखपृष्ठ, आणि पत्रांचं किंवा कूपनचं पान. 'पानं पूर्ण आहेत का, काही कापलेलं किंवा दुरुस्त केलेलं आहे का, सिगारेटचा किंवा ओलीचा वास आहे का' हे लेखी विचार. आलेला अंक लगेच खोक्यात घालू नकोस, तीन आठवडे वेगळा ठेव. कसर पाहुणी म्हणून अशीच येते.

आधी पानं मोजलेली यादी पाठव, खरेदीची मागाहून. आणि फोटोत वरून दुसरा दिसतो तो पट्ट्या लावलेला अंक कुठल्याच ढिगात घालू नकोस. तो सपाट, दोन पुठ्ठ्यांमध्ये, वर वजन न ठेवता वेगळा ठेव. त्याच्या कण्याचे जवळून फोटो आले की त्याचं काय करायचं ते बघू.

सस्नेह