जुन्या गावात बेड अँड ब्रेकफास्ट चालवायचं असेल तर आधी दुसऱ्या रात्रीचा विचार करा

तुम्ही विचारलंय की एका जुन्या, ऐतिहासिक गावात मोठं घर घेऊन सहा खोल्यांचं बेड अँड ब्रेकफास्ट सुरू करायचं आहे, ते नवरा-बायको दोघांना झेपेल का आणि त्यावर घर चालेल का. मी हेच काम करते. आम्ही दोघं घरातच राहतो आणि चार खोल्या पाहुण्यांना देतो. माझं म्हणणं असं की झेपतं, घरही चालतं, पण सहा खोल्या करू नका. आणि खोल्या किती भरतात यापेक्षा आलेला पाहुणा दुसरी रात्र राहतो का, याकडे जास्त लक्ष द्या.

आधी हिशोब बघा. चार खोल्या आणि वर्षाचे 365 दिवस म्हणजे 1460 रात्री. त्यातल्या 40 टक्के भरल्या असं धरा, म्हणजे 584. प्रत्येक पाहुणा एकच रात्र राहिला तर वर्षात 584 वेळा खोली मोकळी करून पुन्हा लावावी लागेल. त्याच 584 रात्री सरासरी दोन रात्री राहणाऱ्या पाहुण्यांनी भरल्या तर 292 वेळा. मिळकत तेवढीच, आणि चादरी, टॉवेल, बाथरूम घासणं, किल्ली देणं, घर दाखवणं, बिल करणं हे सगळं निम्म्यावर. या धंद्यात माणूस थकतो तो पाहुण्यांमुळे नाही, खोल्या बदलण्यामुळे.

सहा खोल्या नकोत याचं कारणही इथेच आहे. सकाळी अकराला पाहुणा निघाला आणि तीनला दुसरा येणार असेल तर हातात चार तास. बाथरूमसकट एक खोली नीट लावायला पाऊण तास लागतो. चार खोल्यांचे तीन तास झाले. त्यात न्याहारीची भांडी, बाजारहाट, आणि लवकर आलेलं एखादं जोडपं धरा. सहा खोल्यांना साडेचार तास लागतील, ते आहेतच कुठे? मग मदतनीस ठेवावा लागतो, आणि मदतनिसाचा पगार मंद महिन्यांतही द्यावा लागतो. पाचवी आणि सहावी खोली बहुतेक त्या पगारासाठीच कमावते. मी तुमच्या जागी असते तर त्या दोन खोल्यांतली एक स्वतःसाठी ठेवली असती, दार लावून बसायला. दुसरीत कपडे वाळवण्याची सोय केली असती. प्रत्येक पलंगामागे चादरी-अभ्र्यांचे तीन संच लागतात: एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. दोन संचांवर भागवू म्हटलं तर पावसाच्या आठवड्यात तोंडचं पाणी पळतं.

शुक्रवार-शनिवार भरतातच, त्याची काळजी करू नका. पण आठवड्याच्या सात रात्रींत त्या दोनच. वर्षभर एकही शुक्रवार-शनिवार रिकामा गेला नाही तरी वर्षातल्या भरलेल्या रात्री 29 टक्क्यांच्या आतच राहतात. वरचे अकरा टक्के आडवारांतून काढायचे असतात, आणि आडवारी येणारा माणूस वेगळा असतो. निवृत्त जोडपी, पायी फिरणारे, पूर्वजांच्या नोंदी शोधत आलेले, जुन्या इमारतीच्या दुरुस्तीवर आलेले कारागीर, एखाद्या संग्रहावर काम करणारे अभ्यासक. यांना घाई नसते, फार आरास लागत नाही. चांगला दिवा, लिहायला टेबल आणि शांतता मिळाली की ते तीन-चार रात्री राहतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतात. खोल्या लावताना शनिवारच्या पाहुण्यापेक्षा यांचा विचार करा.

पाहुणा दुसरी रात्र का राहत नाही? त्याला वाटतं की गाव अर्ध्या दिवसात बघून संपतं. आणि माहितीपुस्तिकेतलं गाव खरंच तीन तासांत संपतं: मुख्य रस्ता, एक मोठी वास्तू, एक संग्रहालय. उरलेलं गाव तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला दिसत नाही. कुठल्या मनोऱ्याची किल्ली कुणाकडे असते, दफ्तरखाना कुठल्या वारी उघडा असतो, दगडी पुलाखालून जाणारी पायवाट कुठे निघते, जुन्या सुतारकामाचा नमुना वाटावा असा जिना कुठल्या दुकानात आत शिरल्याशिवाय दिसत नाही. हे ज्ञान तुमचं खरं भांडवल आहे, ते जमवायला वेळ द्या. गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला, स्थानिक इतिहास लिहिणाऱ्यांना भेटा, त्यांचं ऋण मोकळेपणाने सांगा.

हे सगळं न्याहारीच्या टेबलावर सांगून उपयोग नाही. तेव्हा पाहुण्याची पुढची खोली दुसऱ्या गावात ठरलेली असते. दुसरी रात्र बुकिंग करतानाच ठरते. म्हणून चौकशी आली की उत्तरात चार ओळी जास्त लिहा: तुम्ही मंगळवारी येताय, बुधवारी इथे हे उघडं असतं, ही पायी फेरी साधारण तीन तासांची आहे. मी हे लिहायला लागल्यापासून कितीतरी लोक आपणहून विचारतात की आणखी एक रात्र मिळेल का. गर्दीच्या दिवसांत शनिवारला किमान दोन रात्रींची अट ठेवायलाही हरकत नाही, पण तो शनिवार आठवड्यावर आला की ती सैल करा, नाहीतर मधली एकटी रात्र रिकामी जाते.

बुकिंगच्या संकेतस्थळांचं कमिशन साधारण 15 टक्क्यांच्या आसपास असतं, कुठे कमी, कुठे जास्त. मी त्याला वाईट म्हणत नाही, कारण अनोळखी पाहुण्यापर्यंत आपण एरवी पोचलो नसतो. मात्र एकदा घरी येऊन गेलेला पाहुणा पुढच्या वेळी थेट तुम्हालाच फोन करील एवढी ओळख तुम्ही जपायला हवी.

गावाबद्दल आणखी थोडं सांगते, कारण तुमची मिळकत त्याच्याशीच बांधलेली आहे. जपानमध्ये किसो खोऱ्यात त्सुमागो नावाचं, जुन्या महामार्गावरच्या प्रवाशांच्या मुक्कामाचं गाव आहे. रस्ते आणि रेल्वे दुसरीकडून गेल्यावर ते ओस पडत चाललं होतं. 1968 पासून तिथली घरं दुरुस्त व्हायला लागली आणि 1971 मध्ये रहिवाशांनी मिळून ठरवलं की घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. पाहुणा जे बघायला येतो ते तिथे राहणाऱ्या माणसांमुळे टिकलेलं असतं. सगळी घरं मुक्कामाच्या खोल्या झाली, रात्री एकाही खिडकीत घरचा दिवा नसला, की पाहुण्यालाही तिथे दुसऱ्या रात्री थांबावंसं वाटत नाही. तुम्ही घरात राहून चालवणार आहात ही गावाच्या दृष्टीने फार चांगली गोष्ट आहे. ते कधी सोडू नका.

वेल्समधल्या हे-ऑन-वाय या छोट्या गावाचं उदाहरणही ध्यानात ठेवा. 1960 च्या दशकात तिथे जुन्या पुस्तकांची दुकानं सुरू झाली आणि वाढत गेली. पुढे साहित्य महोत्सवही आला. महोत्सव थोडे दिवस खोल्या तुडुंब भरतो, पण भर नोव्हेंबरातल्या बुधवारी माणूस येतो तो दुकानांसाठी. तुमच्या गावात असं बारमाही कारण काय आहे ते शोधा. नसेल तर चार-पाच यजमानांनी आणि दुकानदारांनी एकत्र बसून घडवावं लागतं, आणि त्याला वर्षं लागतात.

खोल्या वाढवाव्याशा वाटल्या तर त्यावरही एक उपाय आहे. इटलीत 1976 च्या फ्रिउली भूकंपानंतर रिकाम्या पडलेल्या घरांचा विचार करताना जानकार्लो दाल्लारा या पर्यटनतज्ज्ञाच्या कामातून विखुरलेल्या हॉटेलची कल्पना पुढे आली: स्वागतकक्ष एक, खोल्या गावातल्या वेगवेगळ्या जुन्या घरांत. आपल्या छपराखाली सहा खोल्या कोंबण्यापेक्षा शेजारच्या घरधन्याशी असं जुळवून घेणं मला कितीतरी बरं वाटतं.

आता घर. इथे घाई केलीत तर सगळी पुंजी भिंतीत जाईल. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट 1824 मधलं, आणि त्याचा सर्रास वापर त्यानंतर बऱ्याच काळाने सुरू झाला. त्याआधीच्या दगड-विटांच्या भिंती चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या असतात. त्या ओल शोषतात आणि पुन्हा बाहेर सोडतात. त्यांच्यावर सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक रंग चढवला की ओल आत कोंडते, लोणा फुटतो, तुळयांची भिंतीतली टोकं कुजतात. विक्रीसाठी नुकतंच चकचकीत रंगवलेलं जुनं घर दिसलं तर जास्त सावध व्हा, आणि चुन्याचं काम जाणणारा माणूस बरोबर नेल्याशिवाय सौदा करू नका. जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दल 1979 मध्ये ऑस्ट्रेलियात बुरा या जुन्या खाणगावात एक सनद स्वीकारली गेली. गरजेपुरतंच बदला आणि होईल तितकं कमी बदला, हे तिचं सूत्र आहे. खिशालाही तेच परवडतं. जुनी खिडकी काढण्याऐवजी आतून दुसरी काच बसवली तर थंडी आणि आवाज दोन्ही कमी होतात आणि खिडकी वाचते. घर संरक्षित यादीत असेल तर खिळा ठोकण्याआधी परवानगीची चौकशी करा.

आगीच्या बाबतीत मात्र जुनेपणाला काहीही सूट देऊ नका. बहुतेक जुन्या घरांत वरच्या मजल्यावरून उतरायला लाकडी जिना एकच असतो. पाहुणा अनोळखी घरात, अंधारात, झोपेतून उठून तो शोधणार असतो. सगळीकडे एकाच वेळी वाजणारे, एकमेकांना जोडलेले धुराचे अलार्म, खोल्यांना आग थोपवणारी आणि आपोआप मिटणारी दारं, जिन्यात बॅटरीवर चालणारा दिवा, आणि जिथे काही जळतं तिथे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. या खर्चात काटकसर करायची असेल तर धंदा सुरूच करू नये, असं मी स्पष्ट सांगते.

पाण्याकडेही फारसं कुणी बघत नाही. फुप्फुसाचा गंभीर आजार करणारा लिजिओनेला जिवाणू कोमट पाण्यात, साधारण 20 ते 45 अंश सेल्सियसमध्ये वाढतो. म्हणून गरम पाणी टाकीत 60 अंशांवर ठेवायचं, नळाशी भाजू नये म्हणून मिश्रणाचा व्हॉल्व्ह लावायचा, आणि रिकाम्या खोलीतले नळ व शॉवर आठवड्यातून एकदा थोडा वेळ सोडायचे. मंद मोसमात हे काम हमखास विसरतं, तेव्हा कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आवाजावर तुम्ही काही प्रमाणातच मात करू शकता. पलंगाचं डोकं शेजारच्या खोलीच्या भिंतीला लावू नका, बाथरूम दुसऱ्याच्या उशीवर येऊ देऊ नका. करकरणारी फळी दुरुस्त होत नसेल तर तसं आधीच सांगा. आधी कळलेल्या गोष्टीबद्दल पाहुणे सहसा तक्रार करत नाहीत. अरुंद जिना, कमी उंचीचं दार, लांब असलेली पार्किंगची जागा हेही आधीच लिहा.

न्याहारी थोडी पण ताजी ठेवा, वेळ दीड तासाची ठेवा, आणि कुणाला काय चालत नाही ते आदल्या संध्याकाळी विचारा. युरोपीय संघाच्या नियमांत ज्यांची माहिती द्यावीच लागते असे ॲलर्जीचे 14 घटक आहेत. तुम्ही कुठेही असा, ती यादी स्वयंपाकघरात लावून ठेवा.

परवानग्या जागोजागी वेगळ्या असतात, पण एक गोष्ट विचाराच: वर्षाला किती रात्री पाहुणे ठेवता येतात? जपानमध्ये 2018 पासून लागू झालेल्या कायद्याखाली घरगुती मुक्कामाला वर्षाला जास्तीत जास्त 180 दिवसांची मर्यादा आहे. असा नियम तुमच्याकडे असेल तर वरचा सगळा हिशोब बदलतो. आणि साधा घराचा विमा पैसे देणाऱ्या पाहुण्यांना बहुधा लागू होत नाही, म्हणून पॉलिसी वाचून घ्या.

वर्षातले काही आठवडे घर पूर्ण बंद ठेवा आणि ते आधीच कॅलेंडरवर अडवून टाका. गिलाव्याची दुरुस्ती तेव्हाच होते, आणि तुम्ही दोघं एकमेकांशी पाहुण्यांव्यतिरिक्त काही बोलताही तेव्हाच.

घराला बयाणा देण्याआधी त्या गावात मंद मोसमात, सोमवार-मंगळवारी, दुसऱ्या कुणाच्या खोलीत दोन रात्री राहून या. संध्याकाळी आठला चालत बाहेर पडा आणि जेवायला कुठे मिळतं ते बघा. जुन्या गावांत आठवड्याच्या सुरुवातीला खानावळी बंद असणं नेहमीचं आहे, आणि जेवणाची सोय नसलेल्या गावात पाहुणा दुसऱ्या रात्री थांबत नाही. तसं आढळलं तर सोमवार-मंगळवारचं रात्रीचं जेवण तुम्हालाच करावं लागेल. त्याचा परवाना आणि स्वयंपाकघराचा खर्च सुरुवातीपासून धरा, आणि खोल्या चारऐवजी तीनच करा.