वाचकांचे प्रश्न : बंद दारांपलीकडचा शेजारी

प्रश्न : आम्ही वसईच्या वाडीतले घर सोडून विरारला बावीस मजली इमारतीत राहायला आलो आहोत. शेजारच्या सदनिकेत एक वृद्ध गृहस्थ एकटे राहतात. मुलगा परदेशी आहे. त्यांना कमी ऐकू येते आणि कधी कधी जेवणही राहून जाते, हे माझ्या लक्षात आले आहे. त्यांच्यासाठी काही करावे असे मनापासून वाटते. परंतु नोकरी, मुलांच्या शाळा आणि आजारी सासूबाई यांतून मी किती वेळ देऊ शकेन, हे सांगता येत नाही. शिवाय ते हिंदू आहेत आणि आम्ही ख्रिस्ती. आमच्या जाण्यायेण्याचा लोक भलताच अर्थ लावतील आणि धर्मांतराचा आरोप होईल, अशी माझ्या यजमानांना धास्ती वाटते. आम्ही काय करावे?
– एक भगिनी, विरार

उत्तर : आपण दोन अडचणी मांडल्या आहेत, एक वेळेची आणि दुसरी संशयाची. वेळेच्या अडचणीपासून सुरुवात करतो, कारण चांगल्या मनाची कितीतरी माणसे तिच्यापाशीच अडतात.

बायबलमध्ये संत लूकच्या शुभवर्तमानातील दहाव्या अध्यायातला, वाटेत लुटारूंनी जखमी करून टाकलेल्या माणसाला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याचा, म्हणजे शोमरोन प्रांतातल्या माणसाचा, येशूने सांगितलेला दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मात्र आपली बहुतेक प्रवचने शोमरोन्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला आणि पट्ट्या बांधल्या इथपर्यंत येऊन थांबतात, याची मला खंत वाटते. त्यापुढची दोन वाक्ये आजच्या नोकरदार माणसासाठी फार मोलाची आहेत. शोमरोनी त्या जखमी माणसाला उतारशाळेत नेतो, रात्रभर त्याची काळजी घेतो, दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या रक्षकाला दोन दीनार देतो, ‘अधिक खर्च झाला तर परत येईन तेव्हा फेडीन’ असे सांगतो आणि आपल्या वाटेला लागतो. द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दाखल्यात एक दीनार ही एका दिवसाची मजुरी आहे. म्हणजे शोमरोन्याने एक रात्र आणि दोन दिवसांची मजुरी दिली. त्याने आपला प्रवास रद्द केला नाही आणि सगळा भार एकट्याच्या शिरावर घेतला नाही. त्याने दुसऱ्या माणसाला त्या सेवेत सामील करून घेतले, आणि तरीही परत येण्याचा शब्द देऊन जबाबदारी स्वतःकडे ठेवली. प्रभूने ज्याला आदर्श म्हणून पुढे केले, त्या माणसालाही कामधंदा होता, यातून आपण धीर घ्यावा.

हे आपल्या मजल्यावर कसे उतरेल? त्या गृहस्थांच्या संमतीने त्यांच्या मुलाचा फोन नंबर घ्यावा, त्यांच्या औषधांची नावे आणि डॉक्टरांचा पत्ता एका कागदावर लिहून ठेवावा, आणि मजल्यावरच्या आणखी दोन घरांना बरोबर घेऊन कोणी कोणत्या वेळी विचारपूस करायची, हे ठरवून टाकावे. सकाळी कामावर निघताना त्यांच्या दारावरची बेल वाजवून दोन शब्द बोलणे आणि आठवड्यातून एकदा जेवणाचा डबा पाठवणे, एवढे आपल्याला झेपेल. झेपेल तेवढेच पत्करावे. मात्र पत्करलेले सोडू नये, कारण एकट्या वृद्धाला चार दिवस लळा लावून पाचव्या दिवशी दिसेनासे होण्यासारखे दुसरे दुःख नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तो क्रमांक त्यांच्या फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. आपल्या धर्मग्रामात, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीत, संत विन्सेंट दि पॉल सोसायटीचे सदस्य असतील, तर त्यांच्याशीही बोलावे. १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी पॅरिसमध्ये सुरू केलेल्या या सोसायटीचे मुख्य काम गरजूंच्या घरी जाऊन भेटणे हेच आहे, आणि अशा भेटीगाठींचा त्यांचा अनुभव आपल्याला उपयोगी पडेल.

आता संशयाविषयी. आपल्या यजमानांची भीती मी खोटी ठरवणार नाही. आजच्या वातावरणात ती अनेक ख्रिस्ती घरांत आहे. तिच्यावर लपतछपत सेवा करणे हा उपाय नव्हे. सेवेतला हेतू निर्मळ ठेवणे आणि तो सर्वांना दिसेल असे वागणे, हा उपाय आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ सालच्या आपल्या पहिल्या परिपत्रकात हे अगदी निःसंदिग्धपणे लिहिले आहे : प्रीती मोबदल्याशिवाय असते, दुसरे काही साधण्यासाठी ती केली जात नाही, आणि देवाविषयी केव्हा बोलावे व केव्हा मौन राखून केवळ प्रीतीला बोलू द्यावे, हे ख्रिस्ती माणसाला कळले पाहिजे. म्हणून जेवणाच्या डब्यासोबत प्रार्थनेची पत्रके नेऊ नयेत, आणि आजारपणात माणूस हळवा झालेला असताना त्याच्या श्रद्धेचा विषय आपण होऊन काढू नये. त्यांनी स्वतः ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ असे म्हटले, तर आनंदाने करावी. त्यांच्या देवघरातला दिवा लावायला तेल संपले असेल, तर तेही आणून द्यावे.

इतके करूनही कोणी संशय घेतलाच, तर लूकच्या शुभवर्तमानातील नववा अध्याय वाचावा. तिथे शोमरोनी गावाने येशूला उतरायला जागा नाकारली, कारण तो यरुशलेमकडे निघाला होता, आणि यहुदी व शोमरोनी यांचे वैर पिढ्यान्‌पिढ्यांचे होते. शिष्यांनी संतापून आकाशातून अग्नी पाडण्याची भाषा केली, तेव्हा येशूने त्यांना धमकावले. त्यानंतरच्याच अध्यायात येशू हा दाखला सांगतो आणि प्रीतीचा आदर्श म्हणून एका शोमरोन्यालाच उभा करतो. ज्या लोकांनी दार लावून घेतले, त्यांच्याविषयी इतक्या थोड्या अवधीत इतके चांगले बोलता येणे, हे मला त्या दाखल्याइतकेच थक्क करते.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका घरकाम करणाऱ्या ताईंचा फोटो टाकून त्यांच्यावर चोरीचा आळ घेण्यात आला. पुरावा कोणीच दिला नाही, तरी तीन घरांनी त्यांना कामावरून काढले आणि एका घराने महिन्याचा पगारही अडवला. त्या आमच्याकडे आठ वर्षे काम करत आहेत. ग्रुपवर बोलावे तर वाद होईल, म्हणून मी गप्प आहे. माझे चुकते आहे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : होय, या बाबतीत गप्प राहणे चुकीचे आहे, असे मला स्पष्ट सांगावे लागेल. ‘आपल्या शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर’ ही आज्ञा मुळात बायबलमधील लेवीय या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात, अठराव्या वचनात येते. त्याआधीची पाच-सहा वचने आपण वाचलीत, तर आपल्या सोसायटीचेच वर्णन वाचतो आहोत असे वाटेल. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नको. गरीब असो वा थोर, न्याय करताना पक्षपात करू नको. लोकांमध्ये चहाड्या करत फिरू नको. शेजाऱ्याचा जीव धोक्यात असताना स्वस्थ उभा राहू नको. इतके सांगून झाल्यावर प्रीतीची आज्ञा येते. म्हणजे मजुरी, न्याय आणि जीभ यांच्यापासून वेगळी काढलेली प्रीती त्या अध्यायाला ठाऊकच नाही.

आपण ग्रुपवर मोजके आणि सौम्य शब्द लिहावेत : ‘या ताई आमच्याकडे आठ वर्षे आहेत, आमचा त्यांच्यावर विश्वास आहे, कोणाची तक्रार असेल तर ती रीतसर पोलिसांत द्यावी, आणि कृपया फोटो काढून टाकावा.’ त्यापुढच्या उलटसुलट संदेशांना उत्तर देत बसू नये. अडवलेल्या पगाराबद्दल मात्र ग्रुपवर लिहू नये. त्या घरी स्वतः जाऊन समोरासमोर बोलावे, कारण चारचौघांत लाज गेली की माणूस अधिकच हट्टाला पेटतो. आणि हे सारे करण्याआधी त्या ताईंना विचारावे. त्यांच्या अब्रूचा प्रश्न आहे, म्हणून काय करायचे यात पहिला शब्द त्यांचा असावा.

प्रश्न : मुंबई-अहमदाबाद महामार्गावर अपघात झालेला दिसला, तरी पोलिसांच्या भानगडी नकोत म्हणून आम्ही थांबत नाही. कायदा काय सांगतो?
– एक दुचाकीस्वार, नायगाव

उत्तर : ही भीती एके काळी साधार होती, आता कायदा आपल्या बाजूने आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदतकर्त्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचे बळ दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आले. त्यात मदत करणाऱ्याला ‘गुड समॅरिटन’, म्हणजे आपल्या दाखल्यातला चांगला शोमरोनी, असेच म्हटले आहे. सद्भावनेने मदत करताना काही उणे घडले, तरी त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव सांगण्याची सक्ती पोलीस किंवा रुग्णालय करू शकत नाही, आणि जखमीला पोहोचवल्यावर आपण लगेच निघू शकता.

थांबल्यावर प्रथम १०८ ला रुग्णवाहिकेसाठी फोन करावा, रक्तस्राव होत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे, आणि आग किंवा वाहतुकीचा धोका नसेल तर जखमीला उगाच हलवू नये. साक्षीदार होणे ऐच्छिक आहे. तरीही अपघात आपण डोळ्यांनी पाहिला असेल, तर साक्ष द्यावी, अशी माझी विनंती आहे. जखमीच्या कुटुंबाला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे भरपाई मागताना चूक कोणत्या वाहनाची होती हे बहुतेक वेळा सिद्ध करावे लागते, आणि ते सांगू शकणारे कदाचित आपण एकटेच असाल.